इटलीतील प्रादेशिक निवडणुका आणि रोमचें राजकारण

१६ एप्रिल २००० रोजीं, रविवारीं, इटलीच्या पंधरा प्रदेशांत मतदान झालें. हें मतदान राष्ट्रीय पार्लमेंटसाठीं नव्हतें. प्रत्येक प्रदेशाचें कौन्सिल आणि प्रत्येक प्रदेशाचा अध्यक्ष निवडावयाचा, एवढेंच त्या दिवशींचें काम होतें. पंधरांपैकीं आठ प्रदेश उजव्या आघाडीकडे गेले, सात डाव्या आघाडीकडे राहिले. आणि दुसऱ्याच दिवशीं देशाचे पंतप्रधान मासिमो दालेमा यांनीं राजीनामा दिला. पार्लमेंटमधील त्यांचें बहुमत आदल्या दिवशीं होतें तेवढेंच दुसऱ्या दिवशींहि होतें. त्यांच्या बाजूचा एकहि सभासद या निवडणुकीनें कमी झाला नव्हता. घटनेंतील कोणतेंहि कलम त्यांस पद सोडावयास सांगत नव्हतें. तरीहि ते गेले, आणि महिना संपण्यापूर्वीं त्यांच्याच मंत्रिमंडळांतील खजिन्याचे मंत्री जूलियानो आमातो त्यांच्या जागीं आले.

इटलीच्या इतिहासांत अशीं उदाहरणें एक नव्हे, अनेक आहेत. प्रादेशिक निवडणुकांनीं पंतप्रधान हालविले आहेत, पक्षांचे पुढारी घरीं बसविले आहेत, नव्या पक्षांस राष्ट्रीय रंगभूमीवर आणलें आहे. उलट, डळमळूं लागलेलें सरकार एखाद्या प्रदेशाच्या मतदारांनीं सांवरूनहि धरलें आहे. परदेशच्या बातम्यांत आपण "अमुक प्रदेशाच्या निकालानें रोममध्यें खळबळ" असें वाचतों, आणि एका प्रदेशाच्या निवडणुकीचा देशाच्या सरकारशीं असा काय संबंध, हा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्या प्रश्नाचा उलगडा करावा, आणि या संबंधाची किंमत कोणाला मोजावी लागते तेंहि पाहावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम हे प्रदेश म्हणजे काय, तें समजून घेऊं. इटलीच्या एकीकरणाचा इतिहास मराठी वाचकांस परका नाहीं. वि. दा. सावरकरांनीं मॅझिनीचें आत्मचरित्र १९०७ सालींच मराठींत आणलें, आणि मॅझिनी व गॅरिबाल्डी हीं नांवें महाराष्ट्रांतील सुशिक्षितांच्या परिचयाचीं झालीं. मॅझिनीला हवी होती ती एकसंध, अविभाज्य इटली. परंतु त्याच काळीं मिलान शहरांतील कार्लो कात्तानेओ हा विद्वान निराळें मत मांडीत होता. शतकानुशतकें वेगवेगळ्या राज्यांत वाढलेल्या या देशाला संघराज्याचीच घडण मानवेल, असें त्याचें म्हणणें होतें. प्रत्यक्षांत राष्ट्र एक झालें तें या दोघांच्याहि मनाप्रमाणें नव्हे, तर पिएमोंतच्या राजघराण्याच्या छत्राखालीं. १८६१ सालीं मंत्री मार्को मिंगेत्ती यांनीं प्रदेशांना कांहीं अधिकार देणारी योजना पुढें मांडली, पण ती मान्य झाली नाहीं. एवढ्या कष्टानें शिवलेलें वस्त्र पुन्हां उसवेल, ही भीति त्या पिढीच्या मनांत खोल रुजलेली होती. राजधानींतून नेमलेले प्रीफेक्ट जिल्ह्याजिल्ह्यांतून कारभार पाहूं लागले. आणि मुसोलिनीच्या अमदानींत तर १९२६ पासून गांवोगांवच्या लोकनियुक्त कारभाऱ्यांची जागाहि सरकारनियुक्त अधिकाऱ्यांनीं घेतली.

हुकूमशाहीचा हा अनुभव ताजा असतां प्रजासत्ताकाची घटना तयार झाली. १ जानेवारी १९४८ रोजीं अंमलांत आलेल्या या घटनेनें प्रदेशांना मानाचें स्थान दिलें. आज असे वीस प्रदेश आहेत. त्यांपैकीं पांचांचा दर्जा विशेष आहे: सिसिली व सार्डिनिया हीं दोन मोठीं बेटें, आणि व्हाल्ले दाओस्ता, त्रेंतिनो-आल्तो आदिजे व फ्रिउली-व्हेनेत्सिया जूलिया हे तीन सरहद्दीवरचे प्रदेश. कोठें अल्पसंख्य भाषा, कोठें सरहद्दीचा तंटा, कोठें फुटून निघण्याची चळवळ, अशा कारणांनीं या पांचांना अधिक अधिकार मिळाले. उरलेले पंधरा साधे प्रदेश. त्यांच्या निवडणुका एका वर्षाच्या आंत घ्याव्या, असें घटनेनेंच सांगितलें होतें. त्या झाल्या ७ व ८ जून १९७० रोजीं, म्हणजे बावीस वर्षांनीं!

हा विलंब कां झाला, यांतच आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. बोलोन्या, फ्लॉरेन्स व पेरुज्या या शहरांभोंवतालचा मध्य इटलीचा पट्टा, म्हणजे एमिल्या-रोमान्या, टस्कनी व उंब्रिया हे तीन प्रदेश, साम्यवादी पक्षाचा बालेकिल्ला होता. निवडणुका घेतल्या कीं हे तिन्ही प्रदेश डाव्यांच्या हातीं जाणार, हें उघड होतें. रोममध्यें सत्तेवर होता ख्रिस्ती लोकशाही पक्ष. त्याची परंपरा ज्या जुन्या लोकपक्षापासून आली, त्याचे संस्थापक लुइजी स्तुर्झो या सिसिलियन धर्मोपदेशकांनीं १९२१ सालींच प्रादेशिक स्वायत्ततेचा हिरिरीनें पुरस्कार केला होता. पण सत्ता हातीं आल्यावर तत्त्व मागें पडलें आणि हिशेब पुढें आला. साम्यवादी पक्षाची गत नेमकी उलट झाली. त्याला आरंभीं या कल्पनेचें फारसें प्रेम नव्हतें. मध्यवर्ती सत्तेंतून बाहेर पडावें लागल्यावर तोच तिचा कैवारी बनला. प्रदेशाचा प्रश्न जन्मापासूनच राष्ट्रीय सत्तेच्या प्रश्नाशीं असा बांधला गेला होता.

सत्ताधाऱ्यांच्या धास्तीस एक अनुभवहि कारण होता. सिसिलीला घटनेपूर्वींच, १९४६ सालीं, स्वायत्तता मिळाली होती, आणि तेथील पहिली प्रादेशिक निवडणूक २० एप्रिल १९४७ रोजीं झाली. साम्यवादी व समाजवादी यांच्या जुटीस सुमारें ३० टक्के मतें पडून ती पहिली आली. ख्रिस्ती लोकशाही पक्ष सुमारें २० टक्क्यांवर उतरला. त्या वेळीं हे तिन्ही पक्ष रोममध्यें एकाच मंत्रिमंडळांत बसत होते. त्यानंतर सुमारें सहा आठवड्यांत पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी यांनीं डाव्यांना वगळून नवें मंत्रिमंडळ बनविलें. त्याला अमेरिका व रशिया यांच्यांतील वाढतें वैर आणि देशाची आर्थिक ओढाताण अशीं याहून मोठीं कारणें होतीं. परंतु सिसिलीच्या निकालानें दे गास्पेरी यांच्या पक्षांतील अस्वस्थता वाढविली, हें नाकारतां येत नाहीं. एका बेटाचें मतदान राजधानींत मोजलें जातें, याचा हा पहिला धडा होता.

१९७० च्या निवडणुकींत अपेक्षेप्रमाणें मध्य इटलीचे ते तीन प्रदेश डाव्यांकडे गेले, आणि तरीहि आकाश कोसळलें नाहीं. खरा हादरा बसला तो पांच वर्षांनीं. १५ व १६ जून १९७५ रोजींच्या प्रादेशिक निवडणुकींत साम्यवादी पक्षाची मतें २७.९ टक्क्यांवरून ३३.४ टक्क्यांवर गेलीं. ख्रिस्ती लोकशाही पक्ष ३५.३ टक्क्यांवर राहिला. दोघांमधील अंतर दोन टक्क्यांहूनहि कमी! त्याच वर्षीं मतदानाचें वय एकवीसवरून अठरावर आणलें गेलें होतें, आणि तरुणांचा ओढा बदलाकडे होता. पिएमोंत व लिगुरिया या प्रदेशांत डाव्यांचीं सरकारें आलीं. त्याच वेळीं झालेल्या नगरपालिकांच्या निवडणुकींतून ट्यूरिन व नेपल्स या शहरांस साम्यवादी महापौर मिळाले. महिन्याभरानंतर ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे सर्वशक्तिमान समजले जाणारे चिटणीस अमिंतोरे फानफानी यांना पद सोडावें लागलें, आणि सौम्य वृत्तीचे बेनिन्यो झाक्कान्यीनी त्यांच्या जागीं आले. साम्यवादी पक्षाचे पुढारी एनरिको बेर्लिंग्वेर यांनीं १९७३ पासून दोन्ही मोठ्या पक्षांच्या "ऐतिहासिक तडजोडी"ची कल्पना मांडली होती. ती आतां केवळ कल्पना राहिली नाहीं. १९७६ च्या राष्ट्रीय निवडणुकींत साम्यवादी ३४.४ टक्क्यांवर पोंचले, आणि त्यांनीं विरोधी मत न देतां तटस्थ राहावें या आधारावर आंद्रेओत्ती यांचें सरकार उभें राहिलें. प्रदेशांनीं जें १९७५ सालीं सांगितलें, तें राष्ट्रानें १९७६ सालीं लिहून घेतलें.

आतां या परिणामामागची यंत्रणा पाहूं. तिचीं मुख्य अंगें चार आहेत.

पहिलें अंग कालगणनेचें. साध्या प्रदेशांच्या कौन्सिलांची मुदत पांच वर्षांची, आणि त्या सर्वांच्या निवडणुका दीर्घकाळ एकाच दिवशीं होत आल्या. देशाच्या लोकसंख्येपैकीं पांच षष्ठांश लोक या प्रदेशांत राहतात. त्यामुळें दोन राष्ट्रीय निवडणुकांच्या मध्यावर जवळजवळ अखिल देशाचा कौल आपोआप मिळूं लागला. पुढें कोठें कौन्सिल मुदतीपूर्वीं विसर्जित झालें, कोठें अध्यक्षानें पद सोडलें, अशा कारणांनीं तारखा विस्कटल्या, आणि आतां जवळजवळ दरवर्षीं कोठें ना कोठें प्रादेशिक मतदान असतेंच. एका मोठ्या परीक्षेऐवजीं वर्षभर चालणाऱ्या चाचण्या, असें त्याचें स्वरूप झालें आहे.

दुसरें अंग आघाड्यांचें. इटलींत एका पक्षाला निर्भेळ बहुमत सहसा मिळत नाहीं. सरकार म्हणजे तीनचार, कधीं अधिक, पक्षांची भागीदारी. भागीदारींत ज्याचें त्याचें वजन ठरलेलें असतें, आणि तें ठरविण्यास राष्ट्रीय निवडणुकीची पांच वर्षें वाट पाहण्याची कोणाचीच तयारी नसते. प्रादेशिक निवडणूक हा मधल्या काळांतील तराजू. ज्याचीं मतें वाढलीं तो अधिक मागतो. ज्याचीं घटलीं तो भागीदारीमुळेंच आपण बुडतों असें म्हणूं लागतो. पंतप्रधानांना मतदार काढीत नाहीत; त्यांचे भागीदार काढतात, आणि त्यासाठीं मतदारांच्या कौलाचें निमित्त घेतात.

तिसरें अंग व्यक्तीचें. १९९५ च्या कायद्यानें प्रादेशिक यादीच्या शिरोभागीं अध्यक्षपदाचा उमेदवार आणून बसविला, आणि १९९९ च्या घटनादुरुस्तीनें अध्यक्षाची थेट लोकांकडून निवड सुरू झाली. अध्यक्ष गेला तर कौन्सिलहि विसर्जित होतें, असा नियम आहे. त्यामुळें प्रदेशाध्यक्ष हा आपल्या प्रदेशांत पंतप्रधानापेक्षांहि अधिक स्थिर आसनावर बसलेला पुढारी झाला. लोक त्याला आतां "गव्हर्नर" म्हणतात; कायद्यांत तो शब्द नाहीं.

चौथें अंग घटनेचें. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत पार्लमेंटच्या सभासदांबरोबर प्रदेशांचे ५८ प्रतिनिधि मत देतात. २०२२ सालीं एकूण मतदार १,००९ होते. पार्लमेंटच्या निवडून येणाऱ्या सभासदांची संख्या ९४५ वरून ६०० वर उतरल्यामुळें यापुढें त्या ५८ मतांचें वजन वाढणार आहे. शिवाय कोणतींहि पांच प्रादेशिक कौन्सिलें एकत्र आलीं तर एखाद्या कायद्यावर लोकांचा कौल घेण्याची मागणी करूं शकतात.

हें शेवटचें कलम कोरडें वाटेल, पण तें कसें जिवंत होतें याचें एक अलीकडचें उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्यें जॉर्जा मेलोनी यांचें उजवें सरकार आलें. प्रदेशांना त्यांच्या इच्छेनुसार कमीअधिक अधिकार देणारा एक कायदा त्या सरकारनें जून २०२४ मध्यें केला. उत्तरेकडील लोंबार्डी व व्हेनेतो हे संपन्न प्रदेश अशा अधिकारांसाठीं आतुर होते; दक्षिणेला भीति होती कीं श्रीमंत अधिक श्रीमंत होतील आणि गरिबांची शाळा व दवाखाना उघड्यावर पडेल. या कायद्यावर लोकमत घ्यावें अशी मागणी पांच कौन्सिलांनीं केली: कांपानिया, एमिल्या-रोमान्या, पूल्या, टस्कनी आणि सार्डिनिया. यांपैकीं सार्डिनिया केवळ चार महिन्यांपूर्वीं, फेब्रुवारी २०२४ मध्यें, विरोधी आघाडीच्या आलेस्सांद्रा तोद्दे यांनीं अर्ध्या टक्क्याहूनहि कमी फरकानें जिंकला होता. सार्डिनियाच्या त्या थोड्या मतांवांचून पांचांची संख्या भरली नसती. लोकमताची मागणी नागरिकांनीं सह्या गोळा करूनहि केली होती. शेवटीं घटना-न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें त्या कायद्याचे महत्त्वाचे भाग रद्द ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्यें लोकमतास अनुमति नाकारली. न्यायालयांत कायद्याला आव्हान देणारेहि प्रदेशच होते.

या यंत्रणेनें घडविलेल्या घटना आतां थोडक्यांत पाहूं. नवे पक्ष बहुधा प्रदेशाच्या दारानें आंत येतात. मे १९९० मध्यें लोंबार्डींत उंबेर्तो बोस्सी यांच्या लोंबार्ड लीगला सुमारें १९ टक्के मतें पडलीं. "रोम लुटते, मिलान राबतें" अशा थाटाची ही तक्रार जुन्या पक्षांनीं हंसण्यावारीं नेली. दोन वर्षांनीं मिलानमध्येंच लांचलुचपतीचीं प्रकरणें उघडकीस येऊं लागलीं, आणि त्या पुरांत जुने पक्ष वाहून गेले. १९९४ सालीं बोस्सींचा पक्ष राष्ट्रीय मंत्रिमंडळांत बसला. तोच प्रकार सिसिलींत झाला. ऑक्टोबर २०१२ मध्यें विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो हे मेस्सिनाची सामुद्रधुनी पोहून सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि प्रचारास लागले. लोकांनीं मौज म्हणून पाहिलें. परंतु त्या महिन्याच्या अखेरीस त्यांची "पंचतारा चळवळ" सुमारें १५ टक्के मतांनीं बेटावरील पहिला पक्ष ठरली, आणि चार महिन्यांनीं राष्ट्रीय निवडणुकींत तिनें एक चतुर्थांश मतें मिळविलीं.

पंतप्रधानांची कथा दालेमांवर संपली नाहीं. एप्रिल २००५ मध्यें चौदा प्रदेशांत मतदान झालें, आणि त्यांपैकीं बारा डाव्यांनीं जिंकले. सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या आघाडीकडे लोंबार्डी व व्हेनेतो हे दोनच उरले. बर्लुस्कोनी यांचें सरकार तोंवरच्या प्रजासत्ताकांत सर्वांत दीर्घायुषी ठरलें होतें. पण भागीदारांपैकीं कॅथॉलिक मध्यममार्गी पक्षानें आपले मंत्री काढून घेतले, बर्लुस्कोनींनीं २० एप्रिल रोजीं राजीनामा दिला, आणि तीन दिवसांनीं नवें मंत्रिमंडळ घेऊन ते परतले. पुढल्या वर्षीं राष्ट्रीय निवडणूक ते हरले, पण कनिष्ठ सभागृहाच्या मतदानांत फरक पडला तो केवळ सुमारें २५ हजार मतांचा. प्रदेशांनीं वर्तविलेला पराभव खरा ठरला. त्याचें माप मात्र साफ चुकलें.

विरोधी पक्षाचे पुढारीहि या तराजूंतून सुटत नाहीत. फेब्रुवारी २००९ मध्यें सार्डिनियांत डाव्यांचे रेनातो सोरू पराभूत झाले. सुमारें सोळा लाख वस्तीचें तें बेट. देशाची लोकसंख्या सहा कोटींच्या घरांत. तरी मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवशीं डेमोक्रॅटिक पक्षाचे चिटणीस वाल्तेर वेल्त्रोनी यांनीं राजीनामा दिला.

याच्या उलट बाजूचें सर्वांत ठळक चित्र २६ जानेवारी २०२० रोजीं एमिल्या-रोमान्यांत दिसलें. १९७० पासून डाव्यांच्या हातीं असलेला हा प्रदेश जिंकावयाचा आणि त्या धक्क्यानें रोममधील जूझेप्पे कोंते यांचें सरकार पाडावयाचें, असा लीगचे पुढारी मात्तेओ साल्व्हिनी यांचा उघड बेत होता. अध्यक्षपदाच्या उमेदवार लुचिया बोर्गोन्झोनी असल्या, तरी सभा, फलक, गांवोगांवचे दौरे, सर्वत्र साल्व्हिनींचाच चेहरा. त्यास उत्तर म्हणून १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं बोलोन्याच्या मुख्य चौकांत तरुणांचा जमाव जमला; माशांसारखे दाटीवाटीनें उभे राहूं, म्हणून त्यांनीं स्वतःला "सार्डीन" हें नांव घेतलें. २०१४ सालीं या प्रदेशांत ३७.७ टक्के मतदान झालें होतें. या वेळीं तें ६७.७ टक्के झालें, बरोबर तीस टक्क्यांनीं अधिक. मावळते अध्यक्ष स्तेफानो बोनाच्चिनी ५१.४ टक्के मतें घेऊन विजयी झाले, बोर्गोन्झोनींस ४३.६ टक्के मिळालीं, आणि कोंते यांचें सरकार त्या दिवशीं तरलें. वर्षभरानें तें पडलेंच. पण तें पार्लमेंटमधील एका लहान भागीदारानें साथ सोडल्यामुळें, मतदारांमुळें नव्हे.

इतकें पाहिल्यावर कोणी म्हणेल कीं प्रादेशिक निवडणूक हें राष्ट्रीय लोकमताचें वायुभारमापक यंत्र झालें. तें आहे, पण त्याचा कांटा वाचण्यास सावधगिरी लागते. बोनाच्चिनींचा विजय हा रोममधील सरकारचा जयजयकार होता काय? त्यांनीं तर आपल्या प्रचारांत रोमला शक्य तितकें दूर ठेवलें होतें. त्याच दिवशीं दक्षिणेंत कालाब्रियाच्या मतदारांनीं उजव्यांना निवडलें. सप्टेंबर २०२० मध्यें व्हेनेतोंत लीगचे लूका झाया यांना जवळजवळ ७७ टक्के मतें पडलीं. पण त्यांच्या नांवाच्या स्वतंत्र यादीस सुमारें ४५ टक्के, आणि खुद्द त्यांच्या पक्षाच्या यादीस सुमारें १७ टक्के! मतदार पक्षाला नव्हे, कारभाऱ्याला मत देत होता. २०२५ च्या शरदांत सहा साध्या प्रदेशांत निवडणुका झाल्या. मार्के, कालाब्रिया व व्हेनेतो उजव्यांनीं राखले. टस्कनी, पूल्या व कांपानिया डाव्यांनीं राखले. एकहि प्रदेश हातचा गेला नाहीं, आणि दोन्ही बाजूंनीं विजय साजरा केला. यंत्र जेव्हां कांहींच सांगत नाहीं, तेव्हांहि रोममध्यें त्याचा अर्थ लावणारे बसलेलेच असतात.

आतां या सर्व गदारोळांत जो मुद्दा झांकला जातो, त्याकडे वळूं. प्रादेशिक निवडणूक मुळांत कशासाठीं असते? तिचें मुख्य उत्तर एका शब्दांत देतां येईल: आरोग्य. इटलींत १९७८ च्या कायद्यानें सर्व नागरिकांसाठीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचा पैसा व किमान दर्जा राष्ट्रानें ठरवावा, आणि रुग्णालयें, डॉक्टरांची व्यवस्था, तपासणीच्या सोयी प्रदेशांनीं चालवाव्या, अशी वांटणी कालांतरानें पक्की झाली. २००१ च्या घटनादुरुस्तीनें प्रदेशांचे अधिकार आणखी वाढविले. आज प्रदेशाच्या अंदाजपत्रकाचा सर्वांत मोठा भाग आरोग्यावरच खर्च होतो. दक्षिणेचे रोगी उपचारासाठीं उत्तरेच्या रुग्णालयांकडे प्रवास करतात, आणि त्याचें बिल त्यांच्या गरीब प्रदेशाला भरावें लागतें. एखाद्या वृद्धेस शस्त्रक्रियेसाठीं किती महिने थांबावें लागेल, हें रोमच्या मंत्रिमंडळापेक्षां तिच्या प्रदेशाच्या कौन्सिलावर अधिक अवलंबून असतें.

याचा प्रत्यय एमिल्या-रोमान्याच्या त्या गाजलेल्या निवडणुकीनंतर महिन्याच्या आंतच आला. फेब्रुवारी २०२० च्या तिसऱ्या आठवड्यांत कोरोनाची सांथ लोंबार्डीच्या कोदोन्यो या गांवीं आणि व्हेनेतोच्या व्हो या गांवीं जवळजवळ एकाच वेळीं उघडकीस आली. व्होमधील सुमारें तीन हजार रहिवाशांपैकीं बहुतेक सर्वांची तपासणी करण्यांत आली. मोठ्या रुग्णालयांवर भर देणाऱ्या लोंबार्डींत रोग्यांचा लोंढा त्या रुग्णालयांवर कोसळला, आणि बेर्गामोच्या भागांत मृत्यूंनीं थैमान घातलें. दोन्ही प्रदेशांत सांथीचा वेग व घनता सारखी नव्हती, म्हणून सरळ तुलना करणें अन्यायाचें होईल. पण संकटकाळीं नागरिकाचा पहिला आधार त्याचा प्रदेश असतो, आणि प्रदेशानें वर्षानुवर्षें आरोग्याची घडण कशी केली यावर जीवनमरण ठरूं शकतें, हें सर्व देशाला दिसून आलें. महिन्यापूर्वीं ज्या निवडणुकीची चर्चा "सरकार पडेल कीं राहील" या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरली, तिच्यांत खऱ्या अर्थानें पणास लागलें होतें तें हें.

येथेंच या प्रथेची किंमत दिसूं लागते. पक्षांनीं प्रादेशिक निवडणुकीचें राष्ट्रीय लढाईंत रूपांतर केलें, म्हणजे वाईट कारभार करणारा अध्यक्ष राष्ट्रीय लाटेवर तरून जातो, आणि चांगला कारभार करणारा त्याच लाटेंत बुडतो. दवाखान्याबद्दलचा राग पंतप्रधानावर निघतो. पंतप्रधानावरचा राग दवाखाना नीट चालविणाऱ्यावर निघतो. हिशेब ज्यानें द्यावयाचा तो सुटतो. मतदारास हें कळत नाहीं असें नाहीं. १९७० सालीं नव्वद टक्क्यांहून अधिक मतदार मतपेटीपर्यंत गेले होते. फेब्रुवारी २०२३ मध्यें लोंबार्डींत ४१.७ टक्के आणि राजधानी रोम ज्या प्रदेशांत आहे त्या लात्सिओंत ३७.२ टक्के मतदान झालें. २०२० सालीं एवढा उत्साह दाखविणाऱ्या एमिल्या-रोमान्यांतहि नोव्हेंबर २०२४ मध्यें तें ४६.४ टक्क्यांवर उतरलें. या घसरणीचीं कारणें अनेक आहेत. राष्ट्रीय निवडणुकींतहि मतदान कमी झालें आहे. परंतु आपलें मत आपल्या गांवच्या प्रश्नासाठीं नव्हे, तर दूरच्या पुढाऱ्यांच्या वजनमापासाठीं वापरलें जातें असें ज्याला वाटूं लागलें, तो घरीं बसला तर त्यांत नवल तें काय?

तेव्हां इटलीच्या एखाद्या प्रदेशाचा निकाल पुढें वाचनांत येईल, त्या वेळीं तीन गोष्टी विचारून पाहाव्या. किती लोकांनीं मत दिलें? मत पक्षाला पडलें कीं व्यक्तीला? आणि रोममधील आघाडींत या निकालाचा उपयोग कोण कोणाविरुद्ध करूं पाहत आहे? पहिल्या दोन प्रश्नांवरून लोकांचें मन कळेल. तिसऱ्यावरून सरकारचें आयुष्य कळेल. मॅझिनीला एकसंध राष्ट्र हवें होतें आणि कात्तानेओला स्वायत्त प्रदेश. प्रजासत्ताकानें दोघांचीहि इच्छा अर्धीअर्धी पुरी केली: प्रदेशांना त्यानें कारभार दिला, पण त्या कारभाराचा निवाडा मात्र रोमच्या चष्म्यांतून होत राहिला. इटलीचा मतदार आपल्या प्रदेशाचें मत पुन्हां आपल्या प्रदेशासाठीं मागून घेईल काय, हा त्या देशापुढील प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तरावर कोणाचें मंत्रिमंडळ टिकतें यापेक्षां, कोणाच्या आजारी माणसाला वेळेवर खाट मिळते, हें अधिक अवलंबून आहे.